काचेवरचं शेवाळ आणि तीन सकर: प्लेको, ब्रिसलनोज की ओटो?

माशांच्या टाकीच्या काचेवर शेवाळाचा तपकिरी-हिरवा थर धरला की सगळीकडून एकच सल्ला येतो: एक सकर आणून सोड. कोणता सकर, हे ना सांगणारा सांगत, ना ऐकणारा विचारत. तोंडाने काचेला चिकटून राहणारे हे मासे लोरिकॅरिडी कुळातले. मूळ घर दक्षिण अमेरिका आणि तिला लागून असलेला मध्य अमेरिकेचा थोडा भाग. कॅटफिशच्या सगळ्या कुळांत हे सर्वांत मोठं, हजाराच्या आसपास जातींचं. त्यातला कुणी बोटाच्या दोन पेरांएवढाच राहतो, कुणी हातभर वाढतो. कुणी शेवाळ खरवडतो, कुणी लाकूड किसतो आणि कुणी शेवाळाला तोंडही लावत नाही. 'एक सकर आण' हे सांगणं 'एक गाडी घे' म्हणण्याइतकंच मोघम आहे.

घरच्या टाकीसाठी खरी निवड होते ती तिघांत: कॉमन प्लेको, ब्रिसलनोज आणि ओटो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मध्यम आकाराची, नेहमीच्या माशांची टाकी असेल तर ब्रिसलनोज. टाकी जुनी, झाडांनी भरलेली आणि शांत माशांची असेल तर ओटोंचा थवा. कॉमन प्लेको जवळजवळ कुणीच घेऊ नये. निवडताना आज काचेवर किती शेवाळ आहे हे बघून उपयोग नाही. ते संपल्यावर हा मासा काय खाणार आणि पूर्ण वाढल्यावर कुठे मावणार, हे दोन प्रश्न विचारले की निम्मा निकाल तिथेच लागतो.

आधी शेवाळ कोणतं ते पाहा

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येतो तो तपकिरी, बोटाने पुसला जाणारा थर म्हणजे डायटम. हे ओटोचं आवडतं खाणं आणि ब्रिसलनोजही ते चाटूनपुसून साफ करतो. गंमत अशी की हा थर बहुतेक टाक्यांत काही आठवड्यांनी आपोआप कमी होतो आणि श्रेय नेमकं तेव्हाच आणलेल्या माशाला मिळतं. काचेवरचा मऊ हिरवा थर तिघंही खातात, निदान लहानपणी. घट्ट बसलेले हिरवे ठिपके ओटोला झेपत नाहीत. ब्रिसलनोज थोडेफार खरवडतो, बाकीचे पात्याने काढावे लागतात. लांब केसांसारखं शेवाळ, पानांच्या कडेला येणारं काळं दाढीसारखं शेवाळ आणि निळसर-हिरवी, वास मारणारी साय यांतलं काहीही या तिघांपैकी कुणी मनापासून खात नाही. ती साय तर खरं शेवाळही नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू असतात.

म्हणजे तुमचा त्रास काळ्या दाढीचा किंवा सायीचा असेल तर इथेच थांबा. दिवा किती तास जळतो, खाणं किती पडतं आणि पाणी किती दिवसांनी बदललं जातं, ते आधी बघा. मासा आणल्याने त्यात फरक पडणार नाही. उलट त्याच्या विष्ठेची भर पडेल.

कॉमन प्लेको: लहानपण फसवं

पाच-सात सेंटिमीटरचं, ठिपकेदार, काचेवर गपचूप चिकटलेलं पिल्लू. विकताना त्याला 'प्लेकोस्टोमस' म्हणतात, पण त्या नावाची जात वेगळीच आहे. खरा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस सुरिनामकडचा. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याचं वर्णन केलं तेव्हा अंगावरच्या हाडांच्या ताटल्या पाहून त्याला चक्क स्टर्जन माशांच्या गटात टाकलं होतं. बाजारात येतो तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस पार्डॅलिस किंवा त्याचा जवळचा भाऊबंद. ओळखायचं असेल तर पाठीवरच्या पराचा पहिला जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजा. हायपोस्टोमसमध्ये त्या सातच्या आसपास असतात, टेरिगोप्लिक्थिसमध्ये नऊ ते चौदा. त्याचा पर शिडासारखा उंच आणि रुंद उघडतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या बारकाव्याने निर्णय बदलत नाही. दोन्ही मोठे होतात.

किती मोठे? टेरिगोप्लिक्थिस चाळीस सेंटिमीटरपर्यंत सहज जातो, चांगल्या जागेत त्याहून पुढे. पंधरा-वीस वर्षं जगतो. 'टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो' हे वाक्य या माशाच्या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येतं आणि सर्वांत जास्त नुकसानही यानेच केलंय. लहान टाकीत तो खुजा राहतो, पण ते खराब पाण्याने आणि कोंडमाऱ्याने. आयुष्यही त्यातच घटतं. त्याला साधारण सहा फूट लांबीची, पाचशे लिटर किंवा त्याहून मोठी टाकी लागते आणि फिल्टर टाकीच्या मापापेक्षा दांडगा लागतो. हा मासा दिवसरात्र हगतो. मी शब्द मवाळ करत नाही, कारण मोठा प्लेको असलेल्या टाकीचा तळ पाहिला की दुसरा शब्द सुचत नाही. विष्ठेतून पाण्यात साठणाऱ्या ज्या नायट्रेटमुळे शेवाळ वाढतं, त्याचा मोठा पुरवठादार तुम्ही शेवाळ कमी करायला आणलेला असतो.

त्यात वय वाढलं की त्याची शेवाळातली गोडी कमी होते. पिल्लू तासन् तास काच चाटतं. मोठा झाल्यावर तळाशी पडलेलं खाणं, गोळ्या, मेलेला मासा, जे सहज मिळेल ते त्याला पुरतं. भुकेला असेल तर रात्री तो डिस्कस, एंजल, गोल्डफिश अशा सपाट अंगाच्या, संथ माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर चोखतो. सकाळी माशाच्या कुशीवर लालसर गोल वण दिसला आणि टाकीत मोठा प्लेको असेल, तर फार शोधाशोध करू नका.

याची दुसरी बाजू टाकीबाहेर आहे. मावेनासा झाला की लोक तो नदीत किंवा तळ्यात सोडून देतात. हा मासा पोटातून हवा घेऊ शकतो, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो आणि ओला राहिला तर पाण्याबाहेरही बरेच तास जिवंत असतो. अंगावर चिलखत असल्याने त्याला खाणारे थोडे. प्रजननासाठी नर काठाच्या मातीत खोल बिळं खणतात आणि त्याने काठ ढासळतात. मेक्सिकोत बाल्सास नदीवरच्या इन्फियेर्निओ जलाशयात एके काळी तिलापियाची भरभराटीची मासेमारी चाले. हे प्लेको तिथे इतके माजले की जाळ्यात तिलापियाऐवजी तेच येऊ लागले, आणि काटेरी चिलखताने जाळीही फाटू लागली. फ्लोरिडात ब्लू स्प्रिंग या झऱ्यावर हिवाळ्यात उबेसाठी मॅनाटी हे पाण्यात राहणारे सस्तन प्राणी गोळा होतात. त्या थोराड, मवाळ प्राण्यांच्या पाठीवर हे प्लेको डझनांनी चिकटून तिथलं शेवाळ खरवडतात आणि मॅनाटी हैराण होऊन कुशी बदलत राहतात. फ्लोरिडातल्या मॅनाटीच्या वाट्याला हे प्लेको एरवी आले नसते. टाक्यांमधून सुटलेल्या माशांनी ही गाठ घातली.

मग हा घ्यावा कुणी? ज्याच्याकडे सिक्लिड कुळातल्या मोठ्या माशांची प्रचंड टाकी आहे किंवा उबदार पाण्याचं बंदिस्त कुंड आहे आणि ज्याला हा मासा स्वतःसाठीच आवडतो, त्याने. मोठा, जुना प्लेको देखणा असतो. पर उभारून लाकडावर बसला की एखाद्या प्राचीन प्राण्याचा रुबाब वाटतो. पण ती आवड वेगळी आणि काच साफ करायची गरज वेगळी.

ब्रिसलनोज: निवांत, कामसू आणि मावणारा

अ‍ॅन्सिस्ट्रस हा वंश सत्तरच्या आसपास जातींचा. टाक्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवला गेलेला ब्रिसलनोज यांतली नेमकी कोणती जात, हे तज्ज्ञांनाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. व्यवहारात त्याने फरक पडत नाही. उलट तो टाकीतच जन्मलेला असतो, हाच त्याचा पहिला मोठा गुण. नळाचं पाणी, गोळ्या, काकडीची फोड, या सगळ्याची त्याला जन्मापासून सवय असते. पूर्ण वाढ दहा ते पंधरा सेंटिमीटर, आयुष्य दहा वर्षांच्या आसपास. अडीच फूट लांबीची, शंभर लिटरची टाकी त्याला पुरते. तपकिरी, काळे ठिपकेदार, पांढरे, पिवळे, लांब परांचे असे प्रकार मिळतात. रंगाने कामात काही फरक पडत नाही. लांब परांचे मात्र वाहत्या पाण्यात थोडे अवघडल्यासारखे पोहतात, म्हणून मी साधाच घेतो.

शेवाळ खाण्यात हा खरा पट्टीचा. निसर्गात यांचं काम किती पद्धतशीर चालतं, हे पनामातल्या रिओ फ्रिहोलेस या ओढ्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या पर्यावरणशास्त्रज्ञ मेरी पॉवर यांच्या या कामात अ‍ॅन्सिस्ट्रसचीच एक जात मुख्य होती. ओढ्यातले काही डोह उन्हात होते, काही झाडांच्या सावलीत. उन्हातल्या डोहांत शेवाळ भराभर वाढे, पण तिथे माशांची गर्दीही त्याच हिशेबाने जास्त असे. त्यामुळे उन्हातल्या आणि सावलीतल्या माशांची वाढ जवळपास सारखीच राही. फक्त काठालगतच्या उथळ पाण्यात शेवाळाचा जाड पट्टा तसाच उरे, कारण बगळे आणि खंड्या यांच्या भीतीने मोठे मासे तिथे जातच नसत. टाकीत याचं प्रतिबिंब दिसतं. दिवे लख्ख असतील आणि लपायला जागा नसेल तर ब्रिसलनोज दिवसभर फिल्टरमागे बसून राहतो आणि मालक म्हणतो, हा काही कामाचा नाही. एक गुहा, एक लाकडाचा ओंडका आणि थोडी सावली द्या. मग संध्याकाळ झाली की तो बाहेर पडतो.

लाकडावरून आठवलं. 'ब्रिसलनोजला लाकूड लागतंच, त्याशिवाय पचन होत नाही' असं ठामपणे सांगितलं जातं. या कुळात खरोखर लाकूड किसून खाणारे मासे आहेत, पनाकसारखे. त्यांच्याही आतड्यांचा २००९ साली अभ्यास झाला तेव्हा आढळलं की लाकडातलं सेल्युलोज त्यांना नीट पचत नाही, किसलेलं लाकूड काही तासांत तसंच बाहेर पडतं. त्यांचं पोषण होतं ते कुजक्या लाकडातल्या इतर गोष्टींवर. तेव्हा ब्रिसलनोज लाकडाविना मरेल असं नाही. तरीही ओंडका ठेवाच. त्यावर जीवाणू आणि शेवाळाचा पातळ थर सतत धरतो, माशाला तोंड चालवायला काहीतरी मिळतं आणि लपायची जागाही होते.

नर ओळखायला भिंगाची गरज नाही. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर मांसल, फांद्या फुटलेल्या मिशांचं रान असतं. मादीला त्या नसतात, किंवा ओठाच्या कडेला दोन-चार बारीक असतात. या मिशा कशासाठी, यावर १९९९ साली मांडलेला एक तर्क मला फार आवडतो. या माशांत पिल्लं सांभाळतो तो नर. तो गुहेत अंड्यांच्या घोसावर पहारा देतो, परांनी वारा घालतो. बाप म्हणून कामाला लागलेला नर माद्यांना जास्त पसंत पडतो, असं कितीतरी माशांत दिसतं. त्या वळवळत्या मिशा लांबून नुकत्याच फुटलेल्या पिल्लांसारख्या दिसतात. म्हणजे गुहेत पिल्लं नसतानाही हा गडी तोंडावर पिल्लं असल्याचं सोंग घेऊन बसतो. तर्क तर्कच आहे, पण टाकीसमोर बसून बघताना पटतो.

ही बाब निर्णयाशी जोडलेली आहे, कारण नर-मादी दोन्ही आणलेत तर पिल्लं होणार हे धरून चाला. नराच्या अंगासरशी बसेल अशी गुहा मिळाली की पुरे. नारिंगी, मोत्यांएवढ्या अंड्यांचा घोस, पन्नास-शंभरांचा, आणि आठवडाभरात पोटाशी पिवळी पिशवी लटकवलेली पिल्लं. ती पिशवी जिरली की सगळी मिळून काचेवर येतात. पहिल्यांदा मजा वाटते. तिसऱ्या खेपेला 'कुणाला हवेत का' असं विचारत फिरावं लागतं. हे नको असेल तर एकटा मासा ठेवा, तो एकटेपणाने कुढत नाही. दोन नर मात्र लहान टाकीत नको. त्यांच्या गालाशी आत दुमडलेल्या काट्यांचे झुबके असतात आणि भांडताना ते बाहेर काढून एकमेकांना भोसकतात.

याच काट्यांमुळे ब्रिसलनोजला किंवा प्लेकोला जाळीने पकडू नये. जाळीत काटे अडकले की मासा सोडवताना एक तर जाळी कापावी लागते नाहीतर मासा दुखावतो. डबा पाण्यात धरून त्यात हाकलायचा.

खोडही सांगतो. चांगला पोसलेला ब्रिसलनोज झाडांना त्रास देत नाही, पण अमेझॉन स्वोर्डसारख्या रुंद, मऊ पानांवर त्याचा डोळा असतो. भूक भागली नाही तर पानांची जाळी होते. आणि हगण्यात तोही कमी नाही, फक्त अंग लहान असल्याने फिल्टरला ते झेपतं.

ओटो: नाजूक कामाचा नाजूक मासा

ओटोसिंक्लस म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटरचा, कुशीवर काळी रेघ असलेला सडपातळ मासा. वंशात वीसच्या आसपास जाती. बाजारात बहुधा ओटोसिंक्लस व्हिटॅटस आणि मॅक्रोस्पिलस एकत्र मिसळून येतात आणि दोन्ही एकाच नावाने विकले जातात. पट्ट्यापट्ट्यांचा, वाघाच्या कातड्यासारखा दिसणारा कोकामा पेरूतला. त्याचं शास्त्रीय वर्णन २००४ साली झालं. काळजी सगळ्यांची सारखीच.

झाडांच्या टाकीत याच्यासारखं काम दुसरा कुणी करत नाही. बारीक पानांच्या दोन्ही बाजू, नाजूक देठ, ब्रिसलनोजचं वजन पेलणार नाही अशा जागा, सगळीकडे हा पोहोचतो आणि पानाला ओरखडा पाडत नाही. दिवसा काम करतो, त्यामुळे तो दिसतो. सहा-आठ ओटो एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकताना बघणं हा या तिघांतला सर्वांत सुंदर देखावा. लहान कोळंबीबरोबर निर्धास्त ठेवता येणारे मासे फार थोडे, त्यांत हा वरच्या क्रमांकावर.

मग सगळ्यांनी ओटोच का घेऊ नये? कारण तो तुमच्या हाती येईपर्यंत अर्धा संपलेला असू शकतो. बाजारातले बहुतेक ओटो आजही नद्यांमधून पकडलेले असतात. काठच्या गवतात, पाण्यात बुडालेल्या झाडझाडोऱ्यात त्यांचे मोठे थवे असतात, तिथून ते गोळा होतात. नंतर साठवणीच्या टाक्या, पिशव्या, विमान, पुन्हा टाक्या. या सगळ्या प्रवासात त्यांना खायला शेवाळाचा थर कुठे मिळणार? ते उपाशी राहतात. लांबच्या उपासाने आतडं बिघडलेला मासा टाकीत भरपूर शेवाळ असूनही पहिल्या पंधरवड्यात मरू शकतो. 'ओटो टिकत नाहीत' ही तक्रार बहुधा इथून येते. जे पहिला महिना काढतात ते पुढे काही वर्षं छान राहतात.

म्हणून ओटो घ्यायचे तर दुकानात आल्या आल्या घेऊ नका. दोन आठवडे थांबा, जे उरतील त्यांतून निवडा. मासा काचेला चिकटलेला असताना खालून पोट दिसतं. ते गोल आणि भरलेलं हवं. आत गेलेलं पोट म्हणजे नाही म्हणायचं, कितीही वाईट वाटलं तरी. काचेवर सरकत, तोंड चालवत असलेला घ्या. वाळूवर निपचित पडलेला नको.

तुमची टाकीही तितकीच तपासा. नुकती बसवलेली, लख्ख, चकचकीत टाकी ओटोसाठी वाळवंट. काही महिने चाललेली, दगड-लाकडावर मऊ थर धरलेली टाकी हवी. एकटा-दुकटा ओटो घाबरून कोपऱ्यात बसतो, निदान सहा हवेत. काकडी किंवा झुकिनी उकळत्या पाण्यातून काढून टाकली तर काही थवे पहिल्याच दिवशी तुटून पडतात, काहींना आठवडे लागतात. एकाने तोंड लावलं की बाकीचे शिकतात. मागची काच मुद्दाम न पुसता ठेवणं हा त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा खुराक.

अधूनमधून एखादा ओटो झपकन पृष्ठभागावर जाऊन हवेचा घोट घेऊन परत येतो. त्याने दचकू नका, अन्ननलिकेजवळच्या पिशवीत हवा घेण्याची सोय या माशांकडे जन्मजात असते. दर दोन मिनिटांनी सगळेच वर जायला लागले तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी पडतोय, असं समजा.

एका नजरेत

| | कॉमन प्लेको | ब्रिसलनोज | ओटो |
|---|---|---|---|
| पूर्ण वाढ | ४० सें.मी. आणि पुढे | १० ते १५ सें.मी. | ३ ते ५ सें.मी. |
| आयुष्य | १५ ते २० वर्षं | १० वर्षांच्या आसपास | ३ ते ५ वर्षं |
| टाकी | ५०० लिटरच्या पुढे | १०० लिटर | ६० लिटर, पण जुनी |
| किती ठेवावेत | एक | एक, किंवा एक नर व एक-दोन माद्या | सहा किंवा जास्त |
| तापमान | २३ ते २८ अंश | २२ ते २७ अंश | २२ ते २६ अंश |
| कधी दिसतो | रात्री | संध्याकाळनंतर | दिवसा |
| शेवाळ मोठेपणीही खातो? | फारसं नाही | हो | हो, त्यावरच जगतो |

तक्त्यात न मावणाऱ्या दोन गोष्टी. तिघांनाही स्वतःचं खाणं द्यावं लागतं. 'टाकीतलं उरलंसुरलं खाईल' या भरवशावर ठेवलेला सकर हळूहळू उपाशी मरतो आणि चिलखतामुळे ते बाहेरून दिसतही नाही. डोळे खोल गेले, पोट आत गेलं की उशीर झालेला असतो. प्लेको आणि ब्रिसलनोजला दिवा मालवल्यावर बुडणारी शाकाहारी गोळी टाकावी, नाहीतर दिवसा जागे असणारे मासेच ती फस्त करतात. दुसरी गोष्ट औषधांची. तांब्याची औषधं आणि मीठ यांबाबत हे मासे हळवे असतात. टाकीत रोग आलाच तर इतर माशांचा डोस डोळे झाकून देऊ नका.

पाण्याच्या बाबतीत फार खल करायला नको. आम्लतेचा अंक (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान आणि स्थिर असला की तिघंही खूश. ओटोला चढउतार सोसत नाहीत, ब्रिसलनोजला बरेच सोसतात.

झेब्रा प्लेकोच्या मोहात पडण्यापूर्वी

शोधाशोध करताना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लहानसा प्लेको नजरेस पडेलच. हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा. आठ-नऊ सेंटिमीटरचा, त्यामुळे मावेल असं वाटतं. पण हा मांसाहाराकडे झुकलेला मासा, शेवाळासाठी त्याला आणणं व्यर्थ. ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या एका मोठ्या वळणाच्या परिसरातच तो सापडतो. शास्त्रीय वर्णन १९९१चं, आणि आता त्याच वळणावर बेलो मॉन्चे धरणाने पाण्याचा प्रवाह बदलला आहे. २०२२ साली साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, जंगली माशांच्या व्यापारासाठी शून्य कोटा ठेवून. हवाच असेल तर टाकीत पैदा झालेला, कागदपत्रांसह घ्या, आणि तो स्वतंत्र छंद म्हणून.

या कुळात कोणता मासा कोणता हा गोंधळ इतका आहे की १९८८ साली एका जर्मन मासिकाने नवनव्या येणाऱ्या माशांना नुसते 'एल' क्रमांक द्यायला सुरुवात केली. आजही विक्रेते नावाऐवजी तो क्रमांकच सांगतात. अनोळखी क्रमांक दिसला तर पूर्ण वाढ किती आणि खातो काय, हे दोन प्रश्न विचारून मगच पिशवी बांधायला सांगा.

आता तुमची टाकी

साठ लिटरची, झाडं आणि कोळंबी असलेली, सहा महिने सुरळीत चाललेली टाकी असेल तर सहा ओटो. तीच टाकी गेल्या आठवड्यात बसवली असेल तर अजून काहीच नको. डायटमचा थर पात्याने पुसा आणि थांबा.

शंभर ते दोनशे लिटर, टेट्रा, गप्पी, मॉली, एखादी जोडी छोटे सिक्लिड अशी मिसळ असेल तर एक ब्रिसलनोज. टाकीत झाडं दाट असतील तर त्याच्या जोडीला ओटोही चालतात, दोघांचं आपसात वाकडं नसतं. फक्त मग खाण्याला दोन तोंडं लागली हे लक्षात ठेवा.

गोल्डफिशची टाकी हा अवघड मामला. पाणी थंड, मासे संथ आणि सपाट. कॉमन प्लेको तिथे सर्वांत वाईट. ब्रिसलनोज खालच्या तापमानात काही काळ तगतो, पण अंगाला चिकटण्याची शक्यता त्याच्याबाबतही शून्य नाही. ओटोला तर मोठा गोल्डफिश तोंडात घेतो आणि ओटोचे परांचे काटे त्याच्या घशात अडकतात, दोघंही जातात. तिथे हाताने काच पुसणं बरं.

मोठ्या, दांडगट सिक्लिडांबरोबर ओटो नकोच आणि लहान ब्रिसलनोजही नको. पूर्ण वाढलेला ब्रिसलनोज आणि नर अंग घालून बसू शकेल अशा दोन-तीन अरुंद गुहा असतील तर जमतं.

आणि घरात आधीच एक वीत-दीड वीत वाढलेला कॉमन प्लेको असेल तर? त्याच्या जोडीला दुसरा काही घेण्याआधी त्याची सोय बघा. मोठी टाकी असलेला छंदी माणूस, मत्स्यालय, किंवा परत घेणारं दुकान. काहींना ते वेळखाऊ वाटतं आणि जवळचं तळं सोपं वाटतं. तळ्यात सोडू नका. जागा ठरली की हलवायच्या दिवशी जाळी बाजूला ठेवा आणि झाकणाचा रुंद डबा घ्या. नेण्याआधी एक दिवस खाणं बंद ठेवलं तर वाटेत डब्यातलं पाणी कमी घाण होतं.